निरम

टिपणीस बाईंची होडी नेरूळच्या सोसायटीत,
जनरेटर आणि स्कुटरींच्या मधे, दोन चाकांच्या गाड्यावर.
प्लायवूडची, अठरा फुटी. आठ वर्षं खपल्या तिच्यावर.
सेक्रेटरी तिलाही पार्किंग लावतो, चारचाकीचं.

मला बोलावलं, कारण मी चावीवाला.
एकतीस वर्षं शहराला पाणी सोडलं
पहाटे पावणेपाचला, खांद्यावर लोखंडी टी,
कुत्री ओळखायची, माणसं नाही.

"भोपी, रविवारी आडवी झाली," बाई म्हणाल्या,
दुपारी शेजारीण आडवी झाली असं सांगावं तशा.
सारसोळ्याच्या जेट्टीपासून शंभर हातांवर
वारा आला, कलली,
आणि परत उठायचं विसरली.
चष्मा खाडीत गेला. हा जुना, एक काडी दोऱ्यानं बांधलेला.

मी आत शिरलो, पालथा, बॅटरी दातांत.
दोन टाक्या, डाव्या-उजव्या बाकाखाली,
मधून दीड इंची पाइप, हिचं पाणी तिला जायला,
आणि पाइपवर काहीच नाही.
सावरायला घेतलेलं दोनशे लिटर वजन
तेच कललेल्या बाजूला धावत जाऊन बसणार.

"मला ठाऊक आहे. मी फिजिक्स शिकवायचे."
मग व्हॉल्व्ह का नाही लावला, बाई?
खूप वेळानं म्हणाल्या,
"वाटलं, एवढ्याशा पाण्याला काय."

माझ्या बापाच्या होडीत निरम म्हणजे दगड.
खाणीतले काळे. वारा फिरला की
एकेक उचलून दुसऱ्या अंगाला ठेवायचा, शिव्या देत.
ठेवला तिथं राहायचा दगड.
पाण्याला एकच गोष्ट कळते, खाली.

हे मला कुणी शिकवायला नको.
टेकडीखालचा सेक्टर आधी भरायचा, गच्च्या वाहायच्या,
वरच्या गल्लीत नळ नुसते शिंकायचे.
एक उन्हाळा मी खालची चावी चार फेरे कमी सोडली.
अर्ज गेला. मेमो आला.
चार फेरे परत सोडले.
दुसऱ्या दिवशी कासारेबाईंनी
रिकामा हंडा माझ्या टीच्या दांड्याला अडकवला
आणि घरात गेल्या.
काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हॅकसॉनं पाइप कापला. आतून वाटीभर खाडी सांडली,
चिखलाच्या वासाची.
कड घासली, सोल्युशन लावलं, तीसपर्यंत मोजलं.
मधल्या पाइपला एक बॉल व्हॉल्व्ह, तळाच्या तोंडाला दुसरा,
आट्यांवर टेफ्लॉन, अकरा वेढे, बापाच्या हिशोबानं.
हवेच्या नळीला हात लावला नाही,
ती बुजली तर पाणी आतच येत नाही.
लाल दांडा पाइपच्या रेषेत, चालू.
आडवा, बंद.
बाईंनी तरीही मार्करनं लिहिलं, मुलांना लिहून द्यावं तसं.

भरतीला उतरवली. तळाचा व्हॉल्व्ह सोडला,
टाक्या भरताना गुरगुरल्या, मी तो बंद केला.
तिवरांच्या पुढे गेल्यावर वारा लागला.
शीड ताठलं, होडी कलली,
बाईंनी सुकाणू असं धरलं की बोटं पांढरी.
मी खाली बसून मधल्या व्हॉल्व्हवर तळवा ठेवला.

पाणी आलं.
पाइपमधून धावत आलं आणि थडकलं,
हाताला कळलं, मनगटापर्यंत.

"भोपी, काय होतंय?"

दार वाजवतंय, बाई.

होडी तशीच, कललेली, आणखी नाही.
मग हळूहळू, कंबर धरून उठावं तशी, उठली.
बाई हसल्या की रडल्या, चष्म्यावर पाणी होतं.

बिलात मी लिहिलं: व्हॉल्व्ह २, मजुरी.
टेकडीवरची ती गल्ली आता पाडलीय, टॉवर येतोय.
पावणेपाचला अजून जाग येते.
अंधारात हात आपसूक फिरतो,
चार फेरे,
कुठल्या बाजूला ते अजून ठरत नाही.